म्हण नको, म्हणणं सांगा

पत्र

ताई, माझं माहेर बडोद्याचं. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी, अशी मी वाढले. लग्नाला दोन वर्षं झाली. ठाण्यात नौपाड्याला सासू-सासरे, नवरा आणि मी एकत्र राहतो. सासरे ७१ वर्षांचे आहेत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर दोन वर्षं घरी बसले, मग दुसरीकडे लागून तिथून निवृत्त झाले. त्यांना कशावरही म्हण सुचते. तलावपाळीवर फिरायला येणारे त्यांचे मित्र त्यांचं त्याबद्दल फार कौतुक करतात.

मी मार्चमध्ये ऐरोलीची नोकरी सोडून जास्त पगारावर पवईच्या एका कंपनीत गेले. पाच महिन्यांत त्यांनी आमची सगळी टीम काढून टाकली. रविवारी नणंद आणि तिचे यजमान जेवायला होते. मी हे सांगितलं, तर सासरे म्हणाले, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." सगळे हसले. नवराही. त्याआधी इमारतीच्या रीडेव्हलपमेंटच्या सभेत मी बिल्डरच्या बँक गॅरंटीबद्दल विचारलं, तेव्हा चारचौघांत "कानामागून आली आणि तिखट झाली" हे ऐकावं लागलं. रात्री रडले तर नवरा म्हणाला, "अगं, म्हणच आहे ती. आणि अशीच रडत राहिलीस तरी चिंता नाही, ठाण्याला पाठवायचा खर्च वाचला, आपण ठाण्यातच राहतो." ताई, मला अशा पाच म्हणी सांगा की परत कोणी माझ्यासमोर तोंड उघडणार नाही.

– कानामागून आलेली

उत्तर

प्रिय मुली,

पाच म्हणी मी तुला देणार नाही. म्हणींना तोटा नाही. तुझ्या सासऱ्यांना अंगाबरोबर बसतील अशा तीन-चार तर तुझं पत्र वाचता वाचताच आठवल्या. पण त्यातली एक तू पुढच्या रविवारी पंगतीत काढलीस तर काय होईल ते मला इथे बसून दिसतं. नणंदेचे यजमान "वा, वहिनी!" म्हणतील, सासरे त्याहून ठसक्याची एक काढतील, पुन्हा हशा होईल, आणि तुझी नोकरी गेली आहे ही गोष्ट ताटाखाली सरकेल. तू ती सांगायला तोंड उघडलं होतंस. ती ऐकून घेतली जायला हवी.

आधी तुझ्या नवऱ्याबद्दल. तुझ्या पत्रात "सगळे हसले" लिहून तू थांबली नाहीस. पुढे "नवराही" हा एकच शब्द लिहून पूर्णविराम दिलास. सासऱ्यांच्या म्हणीपेक्षा ते हसणं तुला जास्त लागलंय, आणि लागायलाच हवं. सासरा दोन वर्षांच्या ओळखीचा. नवऱ्याच्या भरवशावर तू बडोदं सोडून आलीस.

त्याचं ते रात्रीचं वाक्य वाचून मात्र मी पत्र खाली ठेवलं. "याला ठाण्याला पाठवा" हे मुंबईत आणि आसपास इतकं रुळलंय की बोलणाऱ्याला त्यात एक खरी जागा आहे, तिथे खरी माणसं आहेत, याची आठवणच राहत नाही. ठाण्याला पाठवा म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात पाठवा, आणि ते मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे. माझी सख्खी मावशी तिथे आठ महिने होती. बरी होऊन डोंबिवलीला परत गेली आणि पुढे तीस वर्षं तिने नेटाने संसार केला. दर दिवाळीला आमच्याकडे अनारसे घेऊन यायची, स्टीलच्या डब्याला जुन्या साडीचा काठ बांधून. ती गेल्यावर तिच्या मुलीने मला सांगितलं की आमच्याकडे यायचं असलं की डोंबिवली स्टेशनच्या खिडकीवर ती मुलुंडचं तिकीट काढायची आणि ठाण्याला उतरायची. रांगेत मागे आळीतलं कोणी उभं असलं तर "एक ठाणे" हे दोन शब्द तिला तोंडातून काढायचे नव्हते. तीस वर्षं तिने जास्तीचे पैसे भरले. आळीतलं कोणी तिला कधी वाईट बोललं नाही, असं सगळे शपथेवर सांगतात. ते फक्त एकमेकांत तो वाक्प्रचार वापरायचे.

हे तुझ्या नवऱ्याला वाचून दाखव. त्याच्याशी बोलायचं ते घरात नको. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत दोन खोल्यांच्या मधे एक पातळ भिंत असते आणि पलीकडे सगळं ऐकू जातं. तलावपाळीला नको, तिथे सासऱ्यांची मंडळी आहे. कचराळी तलावाला संध्याकाळी जा, दोन फेऱ्या मारा आणि तिसऱ्या फेरीत सांग: "बाबांची म्हण मला झेपली असती. तू हसलास ते झेपलं नाही. पुढच्या वेळी तू हसू नकोस." बाबांशी भांड, माझी बाजू घे, असलं काही सांगू नकोस. तेवढं मागितलंस तर तो बाप आणि बायको यांच्यात अडकेल आणि काहीच करणार नाही. न हसणं त्याला जमेल. आणि पंगतीत एक माणूस हसला नाही की बाकीच्यांचं हसूही अर्ध्यावर येतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आता म्हणी. मला त्या फार प्रिय आहेत. माझ्या आजीला सही करता येत नव्हती, पण माणसाच्या वेडेपणाचं सगळं शास्त्र तिच्या जिभेवर होतं. बाशिंग कपाळाला बांधायचं असतं, आणि लग्नाची घाई झालेल्याने ते गुडघ्याला बांधलं, हे चित्र ज्या कुणाच्या डोक्यात पहिल्यांदा आलं त्याने प्रेमात पडलेल्या माणसाची अवस्था चार शब्दांत पुरी सांगितली. आपल्याकडच्या म्हणी अशा रोजच्या घरातून आलेल्या आहेत. चूल, ताक, मीठ, मुसळ, गाढव, बैल. म्हणूनच त्या लागतातही. तलवारीचा घाव कुणाला रोज बसत नाही, मिठाचा खडा रोज दाताखाली येतो.

पण म्हणीची एक खोड आहे. ती बोलणाऱ्याला जबाबदारीतून मोकळं करते. सासरे "तू चूक केलीस" असं म्हणाले असते तर तू विचारलं असतंस, कशी चूक केली? पगार वाढत होता, काम आवडीचं होतं, कंपनी पाच महिन्यांत टीम काढेल हे मला कुठून कळणार होतं? मग त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. म्हण म्हटली की ते बोलणं त्यांचं राहत नाही, शेकडो वर्षांच्या लोकांचं होतं. त्या लोकांशी तू कशी वाद घालणार? आणि रडलीस तर "म्हणच आहे ती". घाव घालायला म्हण, आणि घाव झाला हे नाकारायलाही तीच म्हण.

शिवाय ज्या पोतडीतून ही म्हण निघाली तिच्यातच तिच्या उलट सांगणारी दुसरी पडलेली असते. तू बडोद्याची, तुला "बोले तेनां बोर वेचाय" माहीत असणार. जो बोलतो त्याची बोरं खपतात. आणि "न बोल्यामां नव गुण" हेही तुझ्या कानावरून गेलं असेल, न बोलण्यात नऊ गुण. दोन्ही गुजरातीच, दोन्ही शहाण्या माणसांच्या तोंडच्या. मराठीत तसंच आहे. "दैव देतं, कर्म नेतं" आणि "प्रयत्नांती परमेश्वर" एकाच घरात, एकाच तोंडी सुखाने नांदतात. पवईची ती कंपनी चालली असती, दिवाळीला तू बोनस घेऊन आली असतीस, तर त्याच पंगतीत त्याच सासऱ्यांनी तुला "प्रयत्नांती परमेश्वर" ऐकवलं असतं. निकाल आधी लागतो, मग म्हण निवडली जाते. तेव्हा बैलाची म्हण तुझ्या निर्णयाबद्दल काही सांगते असं मनात धरू नकोस. मार्चमध्ये जेवढं कळत होतं तेवढ्यावर तू विचार करून पाऊल टाकलंस. टीम काढायचा निर्णय दुसऱ्यांनी घेतला.

तुझ्यासारख्या सुनेसाठी मला एक म्हण मात्र जवळून दाखवायची आहे. नावडतीचं मीठ अळणी. लोक ती घाईने म्हणून टाकतात, पण जरा थांबून बघ. मीठ अळणी असूच शकत नाही. अळणी म्हणजे मीठ नसलेलं. ज्याच्यामुळे दुसऱ्या पदार्थाला चव येते, त्या मिठालाच अळणी म्हणणारी जीभ बिघडलेली आहे. ही म्हण नावडतीला दोष देत नाही, जेवणाऱ्याकडे बोट दाखवते. मला खात्री वाटते की ही म्हण एखाद्या स्वयंपाकघरातूनच आली असावी, वाढून झाल्यावर दाराआड उभं राहून बाहेरचे शेरे ऐकणाऱ्या बाईकडून. "लेकी बोले सुने लागे" हीदेखील तशीच. रागवायचं लेकीवर आणि ऐकवायचं सुनेला, ही युक्ती कुणीतरी नीट पाहून ठेवली आणि पुढच्या सुनांसाठी चार शब्दांत बांधून दिली. म्हणी सासऱ्यांच्या एकट्याच्या मालकीच्या नाहीत. त्यातल्या कितीतरी तुझ्या बाजूच्या माणसांनी केलेल्या आहेत.

आणि ज्या म्हणीला तू आपलं नावच करून घेतलंस, तिचा अर्थ तरी तुला कुणी सांगितला का? तिखट म्हणजे मिरची-मसाल्याचं नव्हे. तिखट म्हणजे तीक्ष्ण. वासराला कान जन्मापासून असतात. शिंगं मागून फुटतात आणि पाहता पाहता कानांपेक्षा टोकदार होतात. तेवढंच आहे त्यात. (असाच "बैल गेला आणि झोपा केला" मधला झोपा. आता बहुतेकांना वाटतं की त्यात कुणीतरी झोपी जातं. झोपा म्हणजे गोठ्याचं काट्याकुट्यांचं दार. बैल चोरीला गेल्यावर ते लावून घेतलं, असं ती म्हण सांगते.) ठाण्यात जन्मलेल्या चार जणांना विचार, शिंगांचं किती जणांना सांगता येतं ते बघ. तू बडोद्याची म्हणून तुझी मराठी उणी, हे मनातून काढून टाक.

सभेतल्या त्या प्रश्नाचं म्हणशील तर तो तू विचारायलाच हवा होतास. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली शासनाने पुनर्विकासाबद्दल २०१९ मध्ये काढलेल्या सूचनांमध्ये विकासकाने प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यावी असं आहे. काम अर्धवट राहिलं, बिल्डरकडून मिळणारं भाडं थांबलं, तर सोसायटीच्या हातात तेवढंच काहीतरी उरतं. नौपाड्यात ज्या इमारती पाडल्या त्यांतल्या माणसांना भाडं थांबणं म्हणजे काय ते विचार. पुढच्या सभेत तोच प्रश्न लेखी दे, सचिवांची पोच घे. तिथे म्हणीला जागा राहत नाही.

आता सासरे. तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू ओळख म्हणून लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी मात्र तिथेच अडले. कारखाना बंद पडला, दोन वर्षं घरी होते.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची अगदी पहिली वसाहत, १९६२ ची. तिच्या जिवावर किसननगर, लोकमान्यनगर, अर्धं ठाणं वसलं. पुढे एकेक कारखाना बंद होत गेला आणि त्या जागांवर आज काचेची ऑफिसं आहेत. त्या वर्षांत आमच्या शेजारचे एक गृहस्थ रोज सकाळी सातला डबा घेऊन बाहेर पडायचे. चार महिने बायकोला वाटत होतं की हे कामावर जातात. ते कौपिनेश्वराच्या देवळात बसायचे, दुपारी तलावाच्या कट्ट्यावर डबा खायचे आणि साडेपाचला घरी यायचे. एक दिवस पाऊस फार झाला म्हणून ते बाराला परत आले, न उघडलेला डबा ओट्यावर ठेवला, आणि तेव्हा घरात कळलं. त्यांना त्या काळात कोण काय काय म्हणालं असेल ते मी ऐकलेलं नाही. पण काही म्हणी त्यांच्याही वाट्याला आल्या असणारच.

बैल रिकामा उभा असणं म्हणजे काय, हे तुझ्या पंगतीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तू, दुसरे ते. घरच्या माणसाची नोकरी गेल्याचं ऐकल्यावर त्यांच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, आणि ते न बोलता तोंडातून म्हणच का आली, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. कदाचित ते नुसतेच सवयीने बोलून गेले असतील. यामुळे रविवारचं बोलणं माफ होतं असंही मी म्हणत नाही. सुनेची नोकरी गेली त्या दिवशी तिला हसण्यावारी नेणं वाईटच. पण त्यांना विचारता येण्यासारखा एक खरा प्रश्न तुझ्याकडे आहे, आणि तो माझ्या पाच म्हणींपेक्षा जास्त कामाचा आहे.

तो चारचौघांत विचारू नकोस. सकाळचा चहा, हातात पेपर, घरात दुसरं कुणी जागं नाही, अशी वेळ बघ. कप समोर ठेव आणि बस. उभ्याने बोलू नकोस. आणि सरळ सांग: "बाबा, रविवारी तुम्ही बैलाची म्हण म्हणालात ते मला फार लागलं. मी चुकले असं तुम्हाला खरंच वाटत असेल तर तसं सांगा, मी ऐकीन. पण म्हण नको, तुमचं म्हणणं सांगा." मग थांब. ही थांबण्याची पायरी सगळ्यात अवघड. त्यांना सवयीने आणखी एक म्हण सुचेल आणि ते ती म्हणतीलही. हसू नकोस, रागावू नकोस, निघूनही जाऊ नकोस. "हो, पण तुमचं म्हणणं काय?" एवढंच पुन्हा विचार. चहा निवेल, निवू दे.

आणि ते बोलू लागले, किंवा नुसते गप्प राहिले, तरी मग विचार: "तुमचा कारखाना बंद झाला तेव्हा ती दोन वर्षं तुम्ही कशी काढलीत?" सहज जिज्ञासा म्हणून विचारू नकोस. तुला आत्ता हे जाणून घ्यायची गरज आहे, त्या गरजेने विचार. रोज सकाळी उठून काय करायचे, नातेवाइकांना काय सांगायचे, पैसे कुठून आणले, दुसरी नोकरी कशी लागली. या घरात त्या वाटेने आधी जाऊन आलेलं ते एकच माणूस आहे.

ते बधले नाहीत, पुढच्या रविवारीही तेच झालं, तर "बाबा, याला मी हसणार नाही" असं म्हणून ताट उचल आणि आत जा. आवाज न चढवता. दोन वेळा असं केलंस की तिसऱ्या वेळेपर्यंत घरातल्या सगळ्यांना कळलेलं असेल. सासूबाईंचा तुझ्या पत्रात एक शब्दही नाही. त्याही हसल्या, की नुसत्या वाढत राहिल्या? त्यांनी तर या म्हणी तुझ्याहून कितीतरी जास्त वर्षं ऐकल्या असतील. भाजी निवडताना कधीतरी त्यांना विचारून बघ, त्यांच्या वाट्याला कुठली म्हण आली होती.

म्हणी शिकायच्या असतील तर जरूर शीक, कुणाचं तोंड बंद करायला मात्र नको. ठाण्यात १८९३ सालचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे जाऊन म्हणींचा कोश माग आणि एक दुपार घालव. सध्या दुपारी मोकळी आहेस, आणि अर्ज पाठवून झाल्यावर मोबाइलकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं. बडोद्याच्या आजीच्या तोंडी असलेल्या आठवतील तेवढ्या लिहून काढ. दोन भाषांमधल्या म्हणी एका माणसाकडे असणं ही श्रीमंती आहे, आणि तुझ्या घरात ती फक्त तुझ्याकडे आहे.

सासरे त्या दोन वर्षांबद्दल काय म्हणाले ते मला कळव. आणि मुलाखतीची पहिली तारीख आली की तीही.

तुझी,
ताई